निळी-काळी शाई वाळताना रंग कसा बदलते आणि तो बदल कसा तपासावा

फाउंटन पेनाच्या काही निळ्या-काळ्या शाईंनी लिहिलेली ओळ कागदावर उमटते तेव्हा स्वच्छ निळी असते आणि दुसऱ्या दिवशी पाहावी तर ती राखाडी-काळी झालेली दिसते. काही शाई याच्या उलट वागतात. ओल्या असताना त्या गडद दिसतात, वाळल्या की फिकट होतात आणि बरेच दिवस उजेडात राहिल्या तर हिरवटपणाकडे झुकतात. दोन्ही दौतींवर नाव मात्र एकच छापलेले असते. वंशावळ, शेतीचे हिशेब, संस्थेचे इतिवृत्त अशा टिकाऊ नोंदी हाताने लिहिणाऱ्याने आपली शाई यांपैकी कोणती, हे स्वतः तपासून घेतले पाहिजे. तपासताना एक गोष्ट पक्की धरावी: शाई वाळणे आणि शाई काळी पडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. वाळण्याला काही सेकंद किंवा मिनिटे लागतात, तर काळे पडायला काही तास आणि पुष्कळदा काही दिवस लागतात.

काळी पडणारी शाई लोहयुक्त असते. तिच्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि मायफळासारख्या तुरट पदार्थातून मिळणारे टॅनिक किंवा गॅलिक आम्ल असते. दौतीत या दोहोंचे संयुग विरघळलेले आणि जवळजवळ रंगहीन राहते, म्हणून लिहिलेले लगेच दिसावे यासाठी त्यात निळे रंगद्रव्य मिसळतात. ओळ हवेत उघडी पडली की ऑक्सिजनमुळे फेरस लोहाचे फेरिक लोह होते आणि त्यापासून पाण्यात न विरघळणारे काळे संयुग कागदाच्या तंतूंतच तयार होते. हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या व्यवसायाची निळी-काळी शाई याच तत्त्वावर गाजली. आजही डायमाइनची रजिस्ट्रार्स, रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स आणि प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक या शाई लोहयुक्त आहेत. ही क्रिया डोळ्यांनी पाहायची असेल तर बाभळीच्या शेंगांचा काढा किंवा बिनदुधाच्या चहाचा कडक अर्क गाळून घ्यावा आणि त्यात चिमूटभर हिराकस टाकावे. द्रव बघता बघता काळवंडतो. हे मिश्रण पेनात मात्र कधीही भरू नये, कारण त्यातला गाळ निबेखालच्या जिभेत अडकतो.

पार्कर क्विंकसारख्या दुसऱ्या प्रकारच्या निळ्या-काळ्या शाईत केवळ रंगद्रव्ये असतात. तिचा वाळतानाचा बदल मुख्यतः प्रकाशाचा परिणाम आहे. कागद ओला असतो तेव्हा तंतूंमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात आणि रंग खोल दिसतो. पाणी उडून गेले की तंतूंवरून प्रकाश विखुरतो आणि तोच रंग फिकट भासतो. जिथे शाई साचून वाळते, म्हणजे अक्षराच्या शेवटी किंवा वळणावर, तिथे रंगद्रव्य दाट होऊन तांबूस झळाळीही दिसू शकते. एकदा पूर्ण वाळल्यावर अशा शाईचा रंग बहुतांशी स्थिर होतो, आणि पुढे तो बदललाच तर उजेडामुळे विटतो.

चाचणीसाठी एकच ओळ लिहून तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहण्याचा उपयोग होत नाही, कारण कालचा रंग डोळ्यांच्या लक्षात राहत नाही. त्याऐवजी कागदाची एक पट्टी घ्यावी, तिच्यावर आज एक बारीक ओळ आणि कापसाच्या काडीने ओढलेला एक जाड पट्टा काढावा, आणि शेजारी वेळ पेन्सिलने नोंदवावी. मग तासाभराने, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने त्याच दौतीतून नवी ओळ व नवा पट्टा आधीच्यांना लागून काढत जावे. शेवटच्या दिवशी आठवड्याचा जुना रंग आणि क्षणापूर्वीचा ताजा रंग एकाच नजरेत येतात, आणि माझ्या मते याहून विश्वासार्ह पद्धत घरात शक्य नाही. पट्टी दिवसाच्या उजेडात, पण सावलीत पाहावी. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्याची छटा आपल्या मनाने बदलतो, त्यामुळे फोटो काढायचाच असेल तर सर्व ओळी एकाच फोटोत घ्याव्यात.

कागद बदलला की निकाल बदलतो. झेरॉक्सच्या आजच्या कागदात सहसा कॅल्शियम कार्बोनेट असते. ते शाईतले आम्ल शमवते आणि त्यामुळे लोहयुक्त शाई लवकर काळवंडते. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची जुनी परंपरा आहे आणि तिचा संबंध मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी इकडे हलवल्याच्या काळाशी जोडला जातो. हातकागद घोटून गुळगुळीत केलेला नसेल तर शाई त्यात खोल शोषली जाते आणि फुटते, त्यामुळे तिथला पट्टा वेगळा दिसणारच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शाई निबेवरच आटून दाट होते आणि पेन थोडा वेळ उघडा राहिला तरी पहिली अक्षरे उगाच गडद येतात. ती चाचणीत धरू नयेत. पावसाळ्यात सादळलेल्या कागदावर ओळ वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन ऋतूंतल्या पट्ट्यांची थेट तुलना करणे टाळावे.

खात्रीसाठी पाण्याची चाचणी करावी. दोन दिवस जुन्या ओळीवर पाण्याचे थेंब टाकून टीपकागदाने टिपावे. निळा रंग निघून गेला आणि खाली करडी, वाचता येणारी ओळ उरली तर शाईत बहुधा लोह आहे. याहून स्पष्ट उत्तर घरातल्या ब्लीचच्या एका थेंबाने मिळते: लोहयुक्त शाईचा निळा-काळा रंग गेल्यावर गंजासारखा पिवळट-तपकिरी डाग मागे राहतो. ही चाचणी खिडकी उघडी ठेवून आणि फक्त तुकड्यावर करावी. उजेडाच्या परीक्षेसाठी पट्टीचा अर्धा भाग काळ्या जाड कागदाने झाकून ती दक्षिणेकडच्या खिडकीत काही आठवडे ठेवावी. लोहयुक्त शाईतलेही निळे रंगद्रव्य तिथे विटते, पण काळा सांगाडा राहतो.

लोहयुक्त शाई निवडली तर पेनाची निगा वाढते. शाई आम्लधर्मी असल्याने साध्या स्टीलची निब कालांतराने गंजू शकते, आणि पेनात वाळलेली शाई तिथेच काळी पडून घट्ट बसते. म्हणून पेन रिकामा झाला की धुवावा आणि न वापरता भरलेला ठेवू नये. आपल्याकडचे बोअरचे जड, क्षारयुक्त पाणी आम्ल शमवून गाळ पाडू शकते, तेव्हा निदान पहिली धुणी डिस्टिल्ड पाण्याने करावी. दुसऱ्या कंपनीची शाई भरण्याआधीही हेच करावे. दौतीच्या तळाशी काळा गाळ बसलेला दिसला तर ती हलवून वापरू नये, कारण जी क्रिया कागदावर व्हायला हवी ती बाटलीतच होऊन गेलेली असते.