ओठावरचा जुना ‘व्रण’ आणि घामाच्या ग्रंथींचा कॅन्सर: या चुका टाळा

वरच्या ओठावर किंवा नाकाच्या कडेला त्वचेच्याच रंगाचा, जरासा पिवळट, कडक चट्टा. दुखत नाही, वाढतो तोही इतका सावकाश की माणूस वर्षानुवर्षं जुना व्रण म्हणून सोडून देतो. मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा हा घामाच्या ग्रंथींचा कॅन्सर बहुतेकदा असाच सुरू होतो. 1982 मध्ये त्याची वेगळी ओळख पटली.

चामखीळ समजून चुना लावू नका, पार्लरमध्ये जाळून घेऊ नका. वरचं जातं, खालचं राहतं. तिथे मुंग्या येत असतील, बधिर वाटत असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा; हा कॅन्सर मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकतो.

सगळ्यात महागात पडते ती उथळ बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी फक्त वरवरचा तुकडा घेणं. वरच्या थरात दिसतात बारीक सिस्ट (पिशव्या) आणि नलिका, पेशीही फारशा बिघडलेल्या नसतात. साहजिकच रिपोर्ट येतो ‘सिरिंगोमा’, म्हणजे निरुपद्रवी गाठ. खरा प्रकार खाली असतो: पेशींच्या बारीक रांगा चरबीत, स्नायूत घुसलेल्या. म्हणून नुसतं खरवडून भागत नाही, तुकडा चरबीपर्यंत हवा. शिवाय सिरिंगोमा सहसा दोन्ही डोळ्यांखाली बारीक पुळ्यांसारखे, अनेक असतात. एकच कडक, पसरणारा चट्टा आणि रिपोर्टमध्ये सिरिंगोमा? पुन्हा खोल बायोप्सी करा.

ऑपरेशनमध्ये घाई नडते. डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा पसारा कितीतरी मोठा निघतो. एका अभ्यासात जखम मूळ चट्ट्याच्या सुमारे चौपट झाली होती. काढलेल्या तुकड्याच्या नेहमीच्या तपासणीत पावाच्या स्लाइससारखे मोजकेच काप पाहतात, मधला भाग सुटतो. मोह्स शस्त्रक्रियेत प्रत्येक थराची पूर्ण कड आणि तळ तपासून, जिथे पेशी उरल्या तिथेच पुन्हा कापतात. ती सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे. नसेल तर टप्प्याटप्प्याने काढून, रिपोर्ट येईपर्यंत काही दिवस जखम ड्रेसिंगखाली ठेवता येते. चेहऱ्यावर उघडी जखम घेऊन राहायला कुणालाच आवडत नाही, पण कडा मोकळ्या असल्याची खात्री होण्याआधी फ्लॅप (शेजारची त्वचा) फिरवून जखम झाकली तर उरलेला कॅन्सर शोधायचा कुठे? शस्त्रक्रिया शक्य असताना नुसत्या रेडिएशनवर विसंबणंही बरं नव्हे.

हा कॅन्सर शरीरात क्वचितच पसरतो, पण त्याच जागी बऱ्याच वर्षांनीही उलटतो. म्हणून तपासण्या चालू ठेवा आणि बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड, पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) जपून ठेवा. दुसरं मत घ्यायचं तर तेच लागतात.