जुन्या खोगिरावरून कारागिराचे चरित्र कसे उभे करावे

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या पश्चिम भागातील गावोगावी घोड्याचा साज बनवणारी दुकाने होती. आपल्याकडे जे काम जीनगर करीत, तेच काम तेथे चाले. यांपैकी बहुतेक कारागिरांनी स्वतःविषयी काहीही लिहून ठेवलेले नाही. तरीही हाती एक खोगीर असेल आणि चिकाटी असेल, तर त्यांच्यापैकी एखाद्याचे आयुष्य बऱ्यापैकी जुळवता येते.

आरंभ खोगिरापासूनच करावा, आणि त्याला तेल किंवा मेण लावण्यापूर्वी करावा, कारण फुगलेल्या चामड्यात ठशाची अक्षरे बुजतात. मऊ कुंचल्याने धूळ झाडून, बाजूने तिरपा प्रकाश टाकून बैठकीचा मागचा भाग आणि रिकिबीच्या वरचा रुंद चामडी पडदा, म्हणजे फेंडर, नीट न्याहाळावा. बनवणाऱ्याच्या नावाचा ठसा बहुधा येथेच सापडतो. नावाखालचे गावाचे नाव अक्षरशः टिपून घ्यावे, कारण पुढचा सगळा शोध त्या गावावर अवलंबून असतो. घडणीवरूनही काळाचा अंदाज येतो: पुढच्या कमानीला दोन्ही बाजूंनी फुगीर खांदे असतील, तर खोगीर बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले किंवा त्यानंतरचे असते, त्याआधीच्या कमानी सरळ आणि निमुळत्या असत.

मात्र ठसा दुकानाचा असतो, टाके घालणाऱ्या हाताचा नव्हे. मोठ्या दुकानात एक माणूस लाकडी सांगाडा कच्च्या कातड्याने मढवी, दुसरा बैठक बसवी, तिसरा फुलांची नक्षी कोरी, आणि नाव मालकाचे उमटे. माझ्या मते चरित्र लिहिणाऱ्याने मालकापाशी थांबणे म्हणजे अर्धे काम सोडून देणे होय. म्हणूनच जनगणनेची पाने वाचावीत. 1900 च्या गणनेत जन्माचा महिना आणि वर्ष मिळते, तर 1910 च्या गणनेत तो माणूस मालक होता, पगारी होता की स्वतःपुरता धंदा करणारा होता, हे स्वतंत्र रकान्यात नोंदवलेले असते. त्याच गावातील हार्नेस, म्हणजे घोड्याचा साज, बनवणाऱ्यांची नावे एकत्र लिहून काढली, की दुकानातील माणसे हळूहळू दिसू लागतात. 1890 ची बहुतेक पाने 1921 च्या आगीत नष्ट झाली, त्यामुळे 1880 आणि 1900 च्या गणनांमधील वीस वर्षांची पोकळी शहर-निर्देशिका, म्हणजे गावातील रहिवाशांच्या आणि धंद्यांच्या छापील याद्या, आणि स्थानिक वृत्तपत्रे यांनी भरावी लागते.

हे कारागीर गाव बदलत, ही गोष्ट शोध घेताना सर्वांत जास्त चकवते. हॅमली बंधूंचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या धंद्याची सुरुवात 1883 मध्ये डाकोटा टेरिटरीतील ॲश्टन येथे झाली. पुढे ते आयडाहोतील केंड्रिकला गेले आणि 1905 मध्ये ओरेगॉनमधील पेंडलटन येथे स्थिरावले. फक्त पेंडलटनची कागदपत्रे पाहणाऱ्याला त्यांची पहिली वीस-बावीस वर्षे दिसणारच नाहीत. पेंडलटनमध्ये 1910 पासून राउंड-अप ही घोडेस्वारीची स्पर्धा भरू लागली, आणि 1920 च्या सुमारास रोडिओसाठी, म्हणजे अशा स्पर्धांसाठी, ठरलेल्या ‘असोसिएशन’ खोगिराच्या घडणीशी हॅमलींचे नाव जोडले गेले. अशा स्पर्धांच्या बक्षिसांच्या बातम्या त्या गावच्या ‘ईस्ट ओरेगोनियन’ या वृत्तपत्रात जरूर शोधाव्यात, कारण बक्षीस म्हणून दिलेल्या खोगिराबरोबर ते बनवणाऱ्याचे नावही छापून येण्याची शक्यता असते.

दुकान कसे होते, हे सॅनबॉर्न कंपनीच्या आगविम्याच्या नकाशांवरून कळते. त्यांत विटांच्या इमारती गुलाबी आणि लाकडी इमारती पिवळ्या रंगात दाखवलेल्या असतात. मजल्यांची संख्या असते, आणि धंद्याचा प्रकारही पुष्कळदा लिहिलेला असतो. एकाच चौकाचे दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवल्यास लाकडी खोपट्याच्या जागी विटांचे दुकान कधी आले, हे समजते.

पगारी कारागिरासाठी पहिल्या महायुद्धातील सैनिक-नोंदणीची कार्डे अमोल आहेत. 1917 आणि 1918 मध्ये भरलेल्या या कार्डांवर मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाण असते. त्याच काळात सैन्यासाठी मॅक्लेलन खोगिरे मोठ्या संख्येने बनत होती, त्यामुळे कार्डावर अशी खोगिरे बनवणाऱ्या रॉक आयलंडच्या सरकारी शस्त्रागाराचे नाव आढळले, तर आपला माणूस गाव सोडून तिकडे गेला असण्याचा विचार करावा.

हाती आलेली प्रत्येक नोंद वर्षाच्या क्रमाने, तिचे मूळ ठिकाण शेजारी लिहून, एका वहीत उतरवावी. दोन नोंदींमधील मोकळी वर्षे कल्पनेने भरू नयेत. तेथे कोरी ओळ सोडावी आणि पुढच्या कागदाची वाट पाहावी.