केल्व्हिनग्रोव्ह बघायचं कसं?

ग्लासगोला शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच आठवड्यात केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात पाठवते. विद्यापीठाची टेकडी उतरून केल्व्हिन नदीचा पूल ओलांडला की तांबड्या दगडाची ती भव्य इमारत येतेच. लांब राहत असाल तर सबवेने केल्व्हिनहॉलला उतरा. शुक्रवारी आणि रविवारी दार अकराला उघडतं, एरवी दहाला.

संग्रहालय शहराच्या मालकीचं आहे आणि प्रवेश फुकट. म्हणून सगळं एका दिवसात उरकू नका. दीड तास, दोन दालनं, बास. बाकीचं पुढच्या वेळी. मात्र दुपारी एक वाजता मधल्या मोठ्या दालनात असा (रविवारी तीनला). १९०१ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी बांधलेला ऑर्गन तेव्हा वाजवतात. तो वाजायला लागला की फिरणं थांबवा आणि बसून ऐका.

सोबत वही-पेन्सिल ठेवा. पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि प्रत्येक वस्तूपाशी एकच प्रश्न विचारा: ही इथे आली कशी?

सुरुवात साल्वादोर दालीच्या ‘क्राइस्ट ऑफ सेंट जॉन ऑफ द क्रॉस’ या चित्रापासून करा. क्रुसावरचा येशू वरून पाहिलेला, आणि खाली स्पेनमधल्या पोर्ट लिगाटचा शांत किनारा. आधी लांबून बघा, मग जवळ जा. संचालक टॉम हनीमन यांनी १९५२ मध्ये ते शहरासाठी ८,२०० पौंडांना घेतलं, तेव्हा ग्लासगो स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनीच विरोधात सह्या गोळा केल्या. हा पैसा इथल्या चित्रकारांना प्रदर्शनासाठी जागा देण्यावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमच्याच वयाची मुलं होती ती. चित्रासमोर उभं राहून त्यांची बाजू मनात नीट मांडून बघा.

व्हॅन गॉगचं १८८७ मधलं अलेक्झांडर रीडचं व्यक्तिचित्रही चुकवू नका. रीड ग्लासगोचा चित्रविक्रेता, पॅरिसमध्ये व्हॅन गॉग बंधूंबरोबर राहिलेला. दोघांच्या चेहऱ्यांत इतकं साम्य, की हे चित्र बरीच वर्षं व्हॅन गॉगचं आत्मचित्र समजलं जायचं. छताला टांगलेलं स्पिटफायर विमान तुम्हाला आपोआप दिसेल, त्यासाठी वेळ राखू नका. त्याच्या खालच्या, पेंढा भरलेल्या सर रॉजर हत्तीपाशी मात्र थांबा. फिरत्या प्राणिखेळातून तो ग्लासगोच्या प्राणिसंग्रहालयात आला, आणि आवरेनासा झाल्यावर १९०० मध्ये त्याला गोळी घालण्यात आली.

‘ही इथे आली कशी?’ हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये याच इमारतीत ग्लासगोने भारताच्या सात वस्तू परत करण्याच्या करारावर सही केली. सहा एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातल्या देवळांतून आणि देवस्थानांतून चोरलेल्या. सातवी, हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून १९०५ मध्ये चोरलेली तलवार. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. त्यामुळे पाटीवर नुसतं ‘भारत’ लिहिलेलं दिसलं तर पुढे सरकू नका. कुठलं गाव, कोणी दिली, कधी, हे वहीत टिपा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा.

शहराच्या संग्रहाचा मोठा भाग मांडलेलाच नाही, तो ग्लासगोच्याच निट्सहिल भागातल्या भांडारात आहे. प्रबंधासाठी एखादी वस्तू बघायची असेल तर आधी लिहून वेळ ठरवा, आणि पत्रात वहीत टिपलेले प्रश्न जसेच्या तसे घाला.