अमेरिकेत गणिताच्या पीएचडीला येताय? पहिल्या दोन वर्षांचं बोलू

आधी पैशांचं उरकू. टीएशिप (टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्यात मदत करण्याची नोकरी) असली की ट्यूशन बहुधा माफ होते, पण पहिला पगार हातात पडायला सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरही उजाडतो. तेव्हा दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट सोबत आणा. स्टायपेंड बऱ्याच ठिकाणी नऊच महिन्यांचं असतं, उन्हाळ्याचं आल्याआल्या विचारून ठेवा. टॅक्स भरताना एक लक्षात असू द्या: भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला करासाठी नॉनरेसिडेंट (अनिवासी) असतानाही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, मिळतं. अनेकांना हे माहीतच नसतं आणि हक्काचे पैसे जातात.

आता क्वालिफायर, म्हणजे पीएचडी पुढे चालू ठेवण्यासाठी पास व्हावी लागणारी परीक्षा. अल्जिब्रा, रिअल ॲनालिसिस आणि बहुतेकदा टोपोलॉजी किंवा कॉम्प्लेक्स ॲनालिसिस. एमएस्सीला सिद्धता पाठ करून निभावलं असेल, तर इथे ते चालत नाही. प्रश्न नवे असतात आणि प्रमेय कुठे लावायचं हे तुम्हालाच ओळखावं लागतं. जुने पेपर डिपार्टमेंटच्या साइटवर सापडतात. ते घड्याळ लावून सोडवा आणि मग दोघा-तिघांत फळ्यापाशी उभं राहून एकमेकांना समजावून सांगा. एकट्याने खोलीत बसून अभ्यास करणारी हुशार मुलं मागे पडताना मी पाहिली आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं.

आपल्याकडे सरांसमोर गप्प राहणं ही नम्रता मानतात. इथे गप्प राहिलात तर तुम्हाला सगळं समजलं, असंच धरलं जातं. 'या लेमापर्यंत (सिद्धतेतल्या छोट्या साहाय्यक प्रमेयापर्यंत) आलो, पुढे अडलो' असं सरळ सांगा. डिपार्टमेंटचा दुपारचा चहा चुकवू नका. गणितातल्या किती ओळखी तिथेच होतात.

ॲडव्हायझर (पीएचडीचे मार्गदर्शक) निवडताना नावाला भुलू नका. त्यांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा: दर आठवड्याला भेटतात का, प्रॉब्लेम सुचवतात का, उत्तर किती दिवसांनी देतात? मॅथेमॅटिक्स जीनिऑलॉजी प्रोजेक्ट या गणितज्ञांच्या गुरु-शिष्य नोंदींच्या वेबसाइटवर त्यांचे आधीचे विद्यार्थी दिसतात. मग ते पुढे कुठे गेले, ते शोधा. तिथेच गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांचं पानही पाहा. १९५५ मध्ये हार्वर्डला गणितज्ञ झारिस्कींकडे पीएचडी, पुढे अनेक दशकं पर्ड्यू विद्यापीठात, आणि १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणितसंस्थेची स्थापना. ही वाट आपल्या माणसांना नवी नाही.

होकार देण्याआधी ज्यांच्याकडे जायचं मनात आहे, त्यांच्यासोबत एक सेमिस्टर रीडिंग कोर्स (ठरवलेलं पुस्तक किंवा पेपर वाचून त्यांच्याशी चर्चा) करा. सूर जुळला नाही तर दुसऱ्या वर्षी बदलणं सोपं असतं, चौथ्या वर्षी फार जड जातं.