ध्वनिसंग्रहाचा चार्ज घेण्याआधी

रेडिओच्या ध्वनिसंग्रहात नेमणूक झाली असेल, तर रेकॉर्ड कडेने धरावी, उभी ठेवावी, एवढं तुम्हाला ठाऊक असणारच. चार्ज कसा घ्यायचा हे मात्र कुणी शिकवत नाही, आणि मी अडकलो तो तिथेच.

यादीशी पाकिटं जुळली की सही, अशी आमच्याकडची रीत. पाकिटं जुळतही होती. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची एक ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड, प्रसारणासाठी काढली. पाकिटावर दाखल क्रमांक बरोबर, आत मात्र भलतीच, घासून करडी पडलेली रेकॉर्ड. कुणी बदलली, कधी बदलली, कळायला मार्ग नाही. कागदावर सही माझी, म्हणून खुलासाही माझ्याकडेच मागितला. ते महिने फार वाईट गेले.

तेव्हा प्रत्येक पाकीट उघडा. लेबल वाचा, पण लेबलावर थांबू नका. लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या मूळ मुद्रणाचा क्रमांक, उमटवलेला असतो. तबकडी उजेडात तिरपी धरली की दिसतो. दोन्ही बाजूंचा लिहून घ्या. कॅटलॉग क्रमांक, म्हणजे कंपनीच्या विक्रीयादीतला क्रमांक, दोन्हीकडे एकच असला, तरी मॅट्रिक्स बाजूगणिक वेगळा. लेबल दुसरं चिकटवता येतं, हा ठसा बदलणं तितकं सोपं नाही. टवका कुठे, तडा कुठे, सुई कुठे अडकते, तेही टिपा. त्यावरून आपली प्रत बाजारात गेली तरी ओळखू येते. लेबल निघालेली जुनी रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐका. १९०२ पासूनच्या सुरुवातीच्या मुद्रणांत कलाकार शेवटी स्वतःचं नाव सांगत. गायिका गौहर जानची अशी घोषणा प्रसिद्धच आहे.

आणि 'फुटली' हा शेरा. शेलॅक, म्हणजे जुन्या रेकॉर्डींचं लाखेचं साहित्य, फुटतंच, त्यामुळे संग्रहातून रेकॉर्ड बाहेर काढायची तीच सर्वांत सोपी वाट. लेबलासकट तुकडे पाहिल्याशिवाय निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू यादीतून कमी करण्याच्या, कागदावर सही करू नका. वरिष्ठ चिडले तरी नाही.

काम रटाळ आहे, पण घाबरू नका. दिवसाला एक कप्पा झाला तरी पुष्कळ. आढळलेली तूट चार्ज घेण्याआधी लेखी कळवून पोच घेतलीत, की तुमची बाजू भक्कम राहते.

'डिजिटल झालंय ना, मग मूळ कशाला?' म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. सुरुवातीच्या सगळ्या '७८' नेमक्या ७८च्या वेगाने मुद्रित झालेल्या नसत. चुकीच्या वेगाने फाइल केली की स्वरच बदलतो, आणि ती पुन्हा करायला मूळ तबकडीच लागते. स्टुडिओत लॅकरच्या मऊ थरावर थेट कापून मुद्रित केलेल्या तबकड्यांची तर बहुधा दुसरी प्रतच नसते.

'सगळं माझ्या डोक्यात आहे' म्हणणाऱ्या ज्येष्ठांना मान द्या, पण ते निवृत्त व्हायच्या आत सगळं वहीत उतरवून घ्या. संग्राहकांना सरसकट चोर समजू नका. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही त्यांची संस्था सुरू झाली. लेबल आणि मॅट्रिक्स वाचायला मी अशाच एका संग्राहकाकडून शिकलो, कार्यालयात नव्हे. गहाळ रेकॉर्डींची यादी कपाटात दडवू नका. साहेबांची परवानगी काढा आणि मॅट्रिक्स क्रमांकांसह ती या मंडळींना द्या. जुन्या बाजारात काय आलंय हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.