उतरताना धार फुटते

आमच्या सोयगावकडच्या, म्हणजे अजिंठ्याच्या रांगेतल्या डोंगरात फिरायचं तर दोन शब्द आधी डोळ्यांत बसवून घ्या. डोंगराची उभी पाठ म्हणजे धार, आणि तिला फुटून खाली येते ती सोंड. चढताना सगळ्या सोंडा धारेलाच मिळतात, म्हणून थोडं चुकलं तरी माणूस माथ्यावर पोचतो. उतरताना मात्र तीच धार जागोजागी फुटते. भलती सोंड धरली की ती थेट कड्यावर आणून सोडते.

अकरावीत असताना सुतोंडा किल्ल्याहून परतताना आमचं हेच झालं. खाली नायगावचे दिवे लागले होते, त्यांच्याच रोखानं उतरत सुटलो. अर्ध्या तासानं पायाखाली सरळ तुटलेला कातळ. एक जण म्हणाला, गवताला धरून उतरू. नाही उतरलो. पोटऱ्या थरथरत होत्या, तरी पुन्हा वर चढलो आणि धार सापडली. तेव्हापासून माझा नियम एकच : वाट हरवली की खाली जायचं नाही, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत वर जायचं.

म्हणून चढतानाच प्रत्येक फाट्यावर थांबा, मागं वळा, आणि उतरताना जसं दिसेल तसं बघून ठेवा. वाकडी सालई, शेंदराचा दगड, काहीही चालेल. मोबाईलवर फोटो काढायचा तोही मागं वळूनच.

पायथ्याशी पाच मिनिटं उभं राहून डोंगर वाचा. अजिंठ्याची ही रांग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांची आहे. टणक थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची गवताळ पट्टी होते. काळा पट्टा सलग असेल तिथं वाट शोधू नका. तो तुटून मधून गवत वर गेलेलं दिसतं, बहुतेक वाट तिथूनच असते.

कातळावर हात टाकण्याआधी दगड बोटांच्या पेरांनी वाजवा. पक्का दगड खणखणतो, सुटलेला भद्द बोलतो. पक्का असला तरी त्याला बाहेर ओढू नका, खाली दाबून भार द्या. दिवाळीनंतर वाळलेली कुसळी (टोकदार कुसळांचं गवत) उताराच्या दिशेनं आडवी पडते, तिच्यावर बूट सटकतो. तिथं पाऊल आडवं टाका.

कड्याच्या पोटाला काळं, अर्धचंद्रासारखं काही लटकताना दिसलं तर ते आग्या मोहोळ. तिथं विडी नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून पळा.

वळवाच्या दिवसांत वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर धार लगेच सोडा, पण एकट्या झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर यायचं नाही.

माणशी ३ लिटर पाणी घरूनच न्या. सुतोंड्यावर पाण्याची टाकी पुष्कळ आहेत, पण ते पाणी न उकळता पिऊ नका.

किल्ल्याला मागच्या डोंगराशी जोडणारा कातळ खोदून केलेला खंदक नीट बघा. धारेवरून शत्रू सहज चालत येईल, हे बांधणाऱ्यांनी ओळखलं होतं. भिंतीवरून हात फिरवला तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात. मी तिथं तासभर रमतो. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या आत बुडतो, म्हणून ३ वाजता खंदक सोडतोच.