झेंडूच्या शेतातून दुपट्टा काढायचा असेल तर

मी झेंडूच्या फुलांनी दुपट्टे रंगवून विकते. ते कसं ते सांगते, पण आधी जमिनीचं उरकून टाकते. "मस्त शेत घेऊ, तिथेच स्टुडिओ टाकू" म्हणणारं कुणी ना कुणी मला दर महिन्याला भेटतं. अहो, तुम्ही आधीपासून शेतकरी नसाल तर १९४८ च्या कूळकायद्यामुळे महाराष्ट्रात शेतजमीन अशी सहज विकत घेता येत नाही. ज्यांचं शेत आहे त्यांच्याबरोबर मिळून करा. मी राहते बोरिवलीत आणि झेंडू आहे पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला, मैत्रिणीच्या मामांच्या १० गुंठ्यांत. दसऱ्याची फुलं दादरला जातात, ते पैसे मामांचे, आणि दसऱ्यानंतर भाव पडला की जी फुलं तोडायलासुद्धा परवडत नाहीत ती माझी. आमचं भांडण कधीच होत नाही.

जुलैअखेर रोपं लावायची, महिन्याभराने शेंडे खुडायचे, बाकी मामांना विचारायचं. लगेच रंगवायची नसतील ती फुलं सावलीत वाळवायची. शेती झाली.

आता रंग पक्का करणं. इथे माझी दोन वर्षं गेली. पहिल्या प्रदर्शनात ११ दुपट्टे विकले, मी हवेत, आणि आठवड्याने एका बाईंचा फोन, की तुमच्या दुपट्ट्याने माझा पांढरा कुर्ता पिवळा केला. मग दुसरीचा. सगळ्यांचे पैसे परत केले. का झालं, तर मी नेटवरचं ऐकून मीठ आणि व्हिनेगर घातलं होतं. मीठ-व्हिनेगरने झेंडूचा रंग सुती कापडाला धरत नाही, कितीही जणांनी व्हिडिओत सांगितलं तरी नाही. बीट तर कोशिंबिरीतच ठेवा, त्याचा गुलाबी धुण्यात जातो. हळद दिसते झकास पण उन्हात उडते, विकायच्या कापडाला मी लावत नाही.

सुती कापड असेल तर असं करा. आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळा. कोरं दिसणाऱ्या कापडातूनसुद्धा चहासारखं पाणी निघतं, ती खळ आणि मेण असतं, ते राहिलं की पुढे डाग पडणारच. ही पायरी गाळणारे लोक नंतर मला डागांचे फोटो पाठवतात. मग हिरडा पूड, १ किलो कोरड्या कापडाला १५० ते २०० ग्रॅम, कोमट पाण्यात रात्रभर. पिळून वाळवा, धुवू नका. धुतलात तर हिरड्याची मेहनत गटारात. मग तुरटी, तीपण तेवढीच, गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. सुती कापड एकटी तुरटी नीट धरत नाही, हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्याचं तुरट द्रव्य, ती धरून ठेवतं, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही. रेशमाला हिरडा नाही घातला तरी चालतं. तुरटीनंतर कापड वाळवून मी ३-४ दिवस तसंच ठेवते, घाई केली की रंग फिका येतो, निदान माझा तरी येतो.

आणि पाणी! वाड्याच्या बोअरवर रंगवलं तेव्हा पिवळा न येता शेवाळी आला. पाण्यात लोह होतं, लोहाने पिवळा काळपटतो. हिरडा असेल तर जास्तच. तेव्हापासून फुलं तिथली आणि रंगकाम बोरिवलीत, नळाच्या पाण्यावर. भांडं स्टीलचंच घ्या. लोखंडी कढईत केलंत तर तोच शेवाळी घरबसल्या मिळेल.

रंगवणं सोपं. १ किलो कापडाला दीड-दोन किलो ताजी फुलं, उकळी न आणता तासभर मंद आचेवर, गाळा, कापड टाका, हलवत राहा.

विकायच्या आधी प्रत्येक घाण्यातल्या दोन पट्ट्या घ्या, एक अर्धी पुठ्ठ्याने झाकून आठवडाभर खिडकीत उन्हाला लावा, दुसरी ओली करून पांढऱ्या रुमालावर घासा. नापास झाला तर तो घाणा विकायचा नाही, घरात पिशव्या शिवा. माझ्याकडे पिशव्या भरपूर आहेत.

पैशांचं विचाराल तर मी नोकरी सोडलेली नाही, अर्धवेळ करून घेतली. दुपट्ट्यांपेक्षा शनिवारच्या वर्कशॉपमधून जास्त सुटतात, ८ जण, गच्चीवर, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मिसेस फुकट. जून ते सप्टेंबर वर्कशॉप वगैरे काही घेऊ नका, मुंबईच्या पावसात दुपट्टा तीन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. किंमत लावताना धुणं-वाळवणं मिळून जे ५-६ दिवस जातात ते धरा, नुसतं कापड आणि फुलं धरलीत तर पाकिटातून घालाल.

आणि दुपट्ट्याबरोबर पिशवीत चार रिठे टाका, सांगा की यातच धुवा, सावलीत वाळवा. डिटर्जंटने चांगला पक्का पिवळासुद्धा नारिंगीकडे झुकतो, आणि मग फोन तुम्हालाच येतो.